वर्गासाठी सोपा पण हलका नसलेला निबंध सुचवा (एफवाय बीए, बडोदा)

सूरसागरकाठी

नमस्कार मंडळी, अडकलेय, मदत करा. मी इथे बडोद्यात एका कॉलेजात व्हिजिटिंगवर इंग्रजी शिकवते (नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे). या सेमिस्टरला एफवायला एक युनिट आहे, त्यात कुठल्याही सांस्कृतिक समीक्षकाचा एक निबंध घ्यायचा आणि कुठला ते शिकवणाऱ्यावर सोडलंय. ऐकायला छान वाटतं, पण तीन आठवडे झाले मी नुसती पीडीएफ उघडतेय आणि बंद करतेय. लेक्चर्स चार, पंचावन्न मिनिटांची, त्यातली पहिली दहा हजेरीत जातात. मुलं बेचाळीस, निम्म्याहून जास्त गुजराती मीडियमची, सात-आठ मराठी घरातली (म्हणजे आईशी मराठी, मित्रांशी गुजराती, इन्स्टावर हिंदी), आणि बरीचशी पादरा, डभोई, बोरसदहून अपडाऊन करणारी, घड्याळाकडे डोळे लावून बसलेली.

मागच्या वर्षी रोलां बार्थचा (फ्रेंच समीक्षक) खेळण्यांवरचा निबंध घेतला होता. दोन-तीन पानांचा तर आहे, खेळणी कुणाला कळत नाहीत, असं मला वाटलं. त्याचं म्हणणंही अवघड नाही, की फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाची छोटी कॉपी, सैन्य, पोस्ट, डॉक्टरचा सेट, पाणी पाजलं की शू करणारी बाहुली, आणि त्यात मूल काही घडवत नाही, नुसतं मालक व्हायला शिकतं. पण ते चार ओळीत सांगून झाल्यावर निबंध वाचायला घेतला आणि एकेका वाक्याला पोरं धडकायला लागली. मी तीन लेक्चर्स शब्दार्थ सांगत बसले. परीक्षेत एकीने लिहिलं की बार्थ हा फ्रान्समधला प्रसिद्ध खेळणी बनवणारा होता. अर्धा मार्क दिला मी तिला, कबूल करते.

यंदा उलट टोक म्हणून ऑरवेलचा १९४६ चा चहावरचा काढून ठेवलाय, ते अकरा नियम. पण विभागप्रमुखांनी बघितला आणि म्हणाले हे तर पेपरातलं सदर झालं, थिअरी कुठे आहे? आणि खरं सांगू का, मलाही तो पुरेल असं वाटत नाही. साखर घालू नका आणि दूध नंतर ओता म्हटल्यावर आमच्या आदू-फुदिन्याच्या उकळलेल्या चहावाली पोरं हसतील, मग पुढच्या तीन लेक्चर्सना मी काय करू?

तर पंधरा-वीस पानांच्या आत, इंग्रजीत किंवा इंग्रजी भाषांतर मिळेल असा, पोरांना घरी एकट्याने निम्मा तरी वाचता येईल असा सुचवा.

मांडवीकर

ताई, रेमंड विल्यम्स या ब्रिटिश समीक्षकाचा 'कल्चर इज ऑर्डिनरी' घ्या. १९५८ चा. मी रिटायर होईपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी शिकवला. सुरुवातच बस स्टॉपवर आहे. हेरफर्डच्या कॅथीड्रलबाहेर हा उभा, आतला जुना जगाचा नकाशा आणि साखळदंडाने बांधलेली पुस्तकं बघून आलाय, मग बस येते, ड्रायव्हर, कंडक्टर बाई, आणि बस निघते वेल्सच्या डोंगरांकडे, त्याच्या गावाकडे. बाप रेल्वेचा सिग्नलमन. आणि मग केंब्रिजच्या त्या चहाच्या दुकानातल्या लोकांवर घसरतो, ज्यांना वाटतं की संस्कृती म्हणजे आपल्यासारख्या खास माणसांची राहणी. राग आहे त्यात, आणि राग पोरांना कळतो.

मी काय करायचो, पहिला परिच्छेद वाचून झाला की पुस्तक बंद. म्हणायचो, तुम्ही न्याय मंदिरच्या स्टॉपवर उभे आहात, घरी जाणारी बस धरायचीय, खिडकीतून काय काय दिसतं ते घरापर्यंत लिहा. एका पोराने सेंट्रल लायब्ररीपासून सुरुवात केली होती, ती आत काचेच्या लाद्यांची फरशी आहे ने, वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खालून सावली दिसते, ते त्याने लिहिलं. आणि शेवट त्याच्या घराशी, जिथे एकही पुस्तक नव्हतं पण आजीला साडेतीनशे भजनं पाठ होती. विल्यम्स त्याला मी शिकवला असं मला म्हणवत नाही, त्याला तो आधीच येत होता.

सूरसागरकाठी

काका, सुरुवात वाचली लगेच. सुंदर आहे. पण चार पानांनंतर तो मार्क्सवाद्यांशी आणि लीव्हिस नावाच्या समीक्षकाशी हिशोब चुकते करायला लागतो, तिथे माझी बोरसदची पोरं बसमधून उतरून जातील. तुमच्या काळात चालीस मार्कांची प्रस्तावना शिकवायला वेळ होता, मला चार लेक्चर्स आहेत 🙏

मांडवीकर

ते खरं. मीही सगळा कधी पुरा केला नाही.

फाइनआर्ट्स९४

बडोद्यात बसून वाल्टर बेन्यामिनचं नाव कोणी घेत नाही म्हणजे कमाल आहे. जर्मन विचारवंत, त्याचा १९३६ चा तो यांत्रिक पुनरुत्पादनावरचा, म्हणजे यंत्राने कलाकृतीच्या कॉप्या निघण्यावरचा निबंध. अहो तुमच्याकडे लक्ष्मी विलासच्या आवारात फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं टांगलेली आहेत आणि त्याच रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढून लक्ष्मी-सरस्वतीच्या ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत छापील कॉप्या, घराघरात पोचवल्या. ओरिजिनलचं तेज कॉपीत राहतं की जातं, हा त्या निबंधाचा सगळा प्रश्न. माझ्या आजीच्या देवघरात ती छापील लक्ष्मी होती, कोपऱ्यावर कुंकवाचा इतका थर की हाताचं कमळ दिसेनासं झालेलं. म्युझियममधल्या चित्राला कोणी कुंकू लावत नाही. मग तेज कुठल्या चित्रात आहे सांगा. बेन्यामिन म्हणतो कॉपी पूजेतून सुटते, आपल्याकडे उलटं झालं, कॉपीचीच पूजा सुरू झाली. यावर पोरं दोन तास भांडतील.

सूरसागरकाठी

हे तुम्ही जे लिहिलंय ना तेच मी वर्गात वाचून दाखवीन, नो जोक. पण बेन्यामिन स्वतः वाचायला दिला तर पोरं माझ्या नावाने कॉलेजभर पोस्टर लावतील, आणि त्याच्या हजार कॉपी काढतील.

एबीरोड_इंदूर

इंदूरकडून रामराम. सगळे परदेशी का भिया? दुर्गाबाई भागवत घ्या की. आमच्या इंदूरच्या, १९१० चा जन्म इथला, हे आम्ही कुठेही गेलो तरी सांगतो, पोहे-जलेबीच्या आधी. 'पैस' घ्या, साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक. त्यातला नेवाशाच्या खांबावरचा, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली म्हणतात तो. एक दगडी खांब बघायला बाई जातात आणि बघता बघता अख्खा काळ उभा करतात.

सूरसागरकाठी

दादा माझा जीव आहे त्या पुस्तकात. पण वर्ग इंग्रजीचा आहे, आणि मराठीतसुद्धा दुर्गाबाईंचं एक वाक्य मी तीनदा वाचते, चांगल्या अर्थाने. पोरांना ते नाही झेपणार.

बॅकबेंच

मी स्टुडंट आहे (दुसऱ्या कॉलेजचा, घाबरू नका), एसवाय. तुम्ही सगळे मोठे लोक कुठला निबंध भारी ते बोलताय, वाचतो कसा ते कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. आम्ही फोनवर वाचतो, बसमध्ये उभ्याने, पीडीएफ दोन बोटांनी मोठी करून. आडवी स्क्रोल करावी लागली की गेला तो. शब्द अवघड असला तर चालतो, सर्च करतो. पण जिथे लेखक नुसता विचार करत बसतो तिथे कुठे होतो तेच हरवतं, झटका बसला बसचा की परत ती ओळ सापडत नाही. जिथे माणूस कुठेतरी जातो, कोणीतरी त्याला काहीतरी बोलतं, तिथे लगेच सापडते.

आम्हाला एका सरांनी आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' दिलं होतं. सिलॅबसमध्ये नव्हतं. मी वडोदरा स्टेशन ते आणंद एका फटक्यात वाचलं आणि बडोद्याचाच प्रकार आहे त्यात! पुढच्या रविवारी कमाटीबागेत गेलो होतो मित्रांबरोबर, तिथे मला बसवेना.

मांडवीकर

शाब्बास रे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून आले, बडोदे संस्थानच्या स्कॉलरशिपवर शिकलेले म्हणून इथे नोकरी करायची होती. राहायला कुठे जागा मिळेना, तेव्हा एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले, जेवणखाण धरून दीड रुपया रोज. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, बाकी सगळा हॉल मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेला, रात्री कंदील. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. मग एक हिंदू मित्र आणि एक ख्रिश्चन मित्र, दोघांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. मुंबईची गाडी रात्री नऊला, हातात पाच तास, ते त्यांनी कमाटीबागेत काढले. कमाटीबाग म्हणजेच सयाजीबाग, तिथे आता संकल्पभूमी हे स्मारक आहे ते त्याचंच.

इंग्रजी इतकं सरळ आहे की डिक्शनरी लागत नाही. सहा छोटी प्रकरणं आहेत, आणि ताई, शेवटचं प्रकरण बोरसदचं आहे, तिथल्या कचेरीत नेमणूक झालेल्या एका तरुण कारकुनाचं. तुमच्या अपडाऊनवाल्यांचं.

सूरसागरकाठी

बोरसद?? हे मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता वाचते.

पण एक शंका, विभागप्रमुख म्हणणार ही आठवण झाली, आत्मचरित्र झालं, समीक्षा कुठे आहे.

तिखटशेव

विभागप्रमुखांना विचारा मग समीक्षा म्हणजे काय, समजलं नाही म्हणजे समीक्षा का?

अलकापुरीची_आत्या

एवढी चर्चा झाली आणि इरावतीबाई कर्व्यांचं नाव कोणी काढलं नाही? 'परिपूर्ती'मधला 'वाटचाल'. पंढरीच्या वारीला बाई स्वतः पायी गेल्या त्याचा निबंध. इंग्रजीत 'ऑन द रोड' नावाने १९६२ साली आला, जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये, यजमानांनीच भाषांतर केलेलं. नंतर एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांच्या १९८८ च्या संग्रहातही घेतलाय, तिथून झेरॉक्स चांगली येते. पंधराएक पानं.

आता बॅकबेंच म्हणतो ना माणूस कुठेतरी गेला पाहिजे, तर यात बाई पूर्ण वेळ चालतायत. पाय दुखतायत, पाऊस, चिखल, अभंग. आणि चालता चालता मानववंशशास्त्रज्ञाचा डोळा काही मिटत नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका, गातात एकत्र, मुक्कामाला पाट मात्र वेगळे. बाईंना ते खुपतं. त्या मराठा बायकांच्यात जेवतात, मग त्या बायका हात धरून बरोबर चालायला लागतात, घरच्या गोष्टी सांगतात, ताई म्हणायला लागतात. पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ म्हणतात. आणि एक तरुण पोरगी पटकन विचारते, आत्ता वागताय तशाच तेव्हा वागाल का आमच्याशी? हा निबंध मी एकविसाव्या वर्षी वाचला, आता बासष्टची आहे, अजून ते वाक्य आलं की पुस्तक खाली ठेवते.

आणि थिअरी पाहिजे असेल तर तीही आहे. महाराष्ट्र म्हणजे काय याची नवी व्याख्या बाईंना वाटेत सापडते, ज्या देशाची माणसं पंढरपूरला चालत जातात तो महाराष्ट्र. नकाशा नाही, सीमा नाही. आपण बडोदेकर दोनशे-अडीचशे वर्षं नकाशाबाहेर, म्हणून मला ती व्याख्या आवडते की काय कोण जाणे.

तिखटशेव

आत्या सॉरी, पण हे आपलं आपलं झालं. बेचाळीसपैकी चौतीस पोरं गुजराती, त्यांना पंढरपूर, दिंडी, अभंग काय माहीत? म्हणजे बार्थची फ्रेंच खेळणी काढली आणि आपले टाळ-मृदंग ठेवले, त्यांच्यासाठी दोन्ही परकंच. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाचा, वर्गात कशाला.

अलकापुरीची_आत्या

अरे तिखट, डाकोर विसरलास? फागण पूनमेला लाखो लोक चालत जातात रणछोडरायला. त्या पोरांच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं असतं. भादरव्यात अंबाजीला जातात. पायाला फोड, रस्त्यावरचे विसामे, 'जय रणछोड, माखणचोर'. पंढरपूर माहीत नसेल, चालणं माहीत आहे.

मांडवीकर

आणि गोष्टही सख्खी बहीण आहे. तिकडे पुंडलिकासाठी देव विटेवर येऊन उभा, इकडे म्हाताऱ्या बोडाणाला द्वारकेपर्यंत चालवेना म्हणून देवच डाकोरला आला. दोन्हीकडे देवाला भक्ताकडे यावं लागलं.

तिखटशेव

बरं बाबा, हरलो. तरी माझी शंका राहतेच की हिला समीक्षक म्हणायचं का, त्या तर मानववंशशास्त्रज्ञ.

फाइनआर्ट्स९४

पाट वेगळे का हे वारीत उभं राहून, टाळ वाजत असताना विचारणं याला मी तरी समीक्षाच म्हणतो. आणि स्वतःलाही त्यातून सोडलं नाही बाईंनी. बहुतेक समीक्षक स्वतः गॅलरीत बसलेले असतात.

सूरसागरकाठी

दोन्ही वाचले, रात्री दीडपर्यंत. नवरा म्हणाला पीएचडी चालू केलीस का. ठरवलंय: मुख्य निबंध इरावतीबाईंचा, कारण त्यात विभागप्रमुखांना दाखवायला 'थिअरी' आहे आणि मला एकाच मजकुरात चार लेक्चर्सचं मटेरियल आहे. आंबेडकरांची बडोद्याची आणि बोरसदची प्रकरणं घरी वाचायला, इंटर्नलसाठी. विल्यम्सचा बस स्टॉपचा परिच्छेद लेखनाच्या व्यायामाला (काका, तुमची आयडिया चोरतेय). बॅकबेंचच्या सांगण्यावरून पीडीएफ फोनवर वाचता येईल अशी परत टाईप करून घेतली, सासऱ्यांनी मदत केली, त्यांना वाटतंय मी पुस्तक काढतेय.

वर्ग झाला की कळवते.

सूरसागरकाठी (तीन आठवड्यांनी)

कळवते म्हटलं होतं, कॉपी चेकिंगमध्ये अडकले.

पहिलं लेक्चर नेहमीसारखंच गेलं, म्हणजे वाईट. मी उत्साहात वारकरी संप्रदाय, ज्ञानेश्वर, तुकाराम असं बोर्डावर लिहीत बसले आणि मागे वळले तर अर्धा वर्ग टेबलाखाली फोनमध्ये. तिखट, तुझी आठवण आली. दुसऱ्या दिवशी बोर्डाला हातच लावला नाही. विचारलं, डाकोर किंवा अंबाजीला चालत कोण गेलंय? सतरा हात वर. एक मुलगी, अख्खं सेमिस्टर हजेरीशिवाय तोंड न उघडणारी, सलग दहा मिनिटं बोलली. गुजरातीत. मी थांबवलं नाही. संघ रात्री किती वाजता निघतो, कुठल्या विसाम्यावर छास चांगली मिळते, पायाच्या फोडात दोरा ओवून ठेवायचा तो कसा, तिची मासी अनवाणी चालते ते. शेवटी म्हणाली रस्त्यावर सगळे सारखे असतात, कॅम्पात थाळी देताना कोणी कोणाला जात विचारत नाही.

आणि मागच्या बाकावरून एक मुलगा, बोरसदचाच, मान वर न करता म्हणाला, 'कॅम्पमां नथी पूछता. गाममां पूछे छे.'

वर्ग एकदम गप्प. मला पुढे काय बोलावं सुचेना. त्या मुलीनेही मागे वळून बघितलं नाही. आणि मी अजून त्या 'तशाच वागाल का' विचारणाऱ्या पोरीच्या पानापर्यंत पोचलेच नव्हते, ते तिसऱ्या लेक्चरला ठेवलं होतं. मग तसंच ते पान काढायला सांगितलं आणि त्याच मुलाला मोठ्याने वाचायला दिलं. अडखळत वाचलं, दोन शब्द चुकले, मी दुरुस्त नाही केले.

वाचून झाल्यावर त्याने विचारलं, मॅडम, मग बाईंनी तिला काय उत्तर दिलं?

मी पान परत बघितलं. इतक्यांदा वाचून माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. उत्तर दिल्याचं लिहिलेलंच नाही. प्रश्न काळजाला लागला म्हणतात, आणि पुढे एवढंच की हजारो वर्षं शेजारी राहून अजून ते आपले नाहीत आणि आपण त्यांचे नाही.

त्याने पेन्सिलीने तिथे खूण केली आणि झेरॉक्स घडी करून दप्तरात ठेवली. तेवढ्यात बेल झाली, बसवाले पळाले.

अलकापुरीची_आत्या

चाळीस वर्षांत मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही गं, उत्तर काय दिलं ते.

बॅकबेंच

मॅडम ती फोनवाली पीडीएफ मला पण पाठवा ने. आणि विभागप्रमुख काय म्हणाले?

सूरसागरकाठी

पाठवते. विभागप्रमुखांनी मॉडेल आन्सर मागितलंय, दहा मार्कांचं.